शाउश्का, इश्तर की अनत? प्रेम आणि युद्धाची देवता अभ्यासायला घेताना

प्राचीन पश्चिम आशियातील धर्मावर प्रबंधिका, व्याख्यानमाला किंवा दीर्घ लेख करायचा आणि विषय म्हणून प्रेम-युद्धाची देवता घ्यायची, असे ठरले की तीन नावे समोर येतात. मेसोपोटेमियाची इनान्ना-इश्तर, उगारितची अनत आणि हुर्री लोकांची शाउश्का. तिघी शूर आहेत, तिघी राजांच्या पाठीशी उभ्या राहतात, आणि लोकप्रिय पुस्तकांत तिघींना एकाच माळेत ओवले जाते. हाताशी असलेला मजकूर, लागणाऱ्या भाषा आणि विचारता येणारे प्रश्न पाहिले तर मात्र तिघी फार वेगळ्या आहेत. चुकीची निवड केली तर सहा महिन्यांनी लक्षात येते की आपल्या प्रश्नाला उत्तर देणारा मजकूर मुळात शिल्लकच नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. फक्त इंग्रजी येते, वेळ तीन-चार महिन्यांचा आहे आणि स्तोत्रे व काव्य यांची ओढ आहे, तर इश्तर घ्या. एकच सलग कथा बारकाईने वाचायची असेल तर अनत घ्या. एक देवता राज्याराज्यांतून, भाषाभाषांतून कशी फिरते, राजा तिला आपल्या सत्तेसाठी कसा वापरतो, आणि मोहिनी व शस्त्र एकाच हातात कशी येतात, हा प्रश्न असेल तर शाउश्काला पर्याय नाही. तिघींत तीच सर्वात अवघड आहे. मराठीत तिच्यावर लिहिले गेलेले जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून पुढची बरीचशी जागा तिलाच देत आहोत.

कोण कुठली

इनान्ना ही उरुक शहराची सुमेरी देवी. अक्कदी भाषेत तीच इश्तर झाली. शुक्राचा तारा, सिंह आणि आठ टोकांची चांदणी या तिच्या खुणा. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापासून पुढे अडीच-तीन हजार वर्षे तिची पूजा चालू होती, त्यामुळे 'इश्तर' म्हणताना कोणत्या काळातली आणि कोणत्या शहरातली हे सांगावेच लागते. अनत ही सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारितची देवी, बाल या वादळदेवाची सहकारी. 1929 साली रास शमरा येथे उत्खनन सुरू झाले आणि मातीच्या पाट्यांवरील उगारिती काव्य हाती आले. त्याआधी तिच्याबद्दल फारच थोडे ठाऊक होते.

शाउश्का हुर्री लोकांची. हे लोक उत्तर मेसोपोटेमिया, उत्तर सीरिया आणि आग्नेय अनातोलिया (आजचा तुर्कस्तान) या पट्ट्यात राहत. त्यांची भाषा सेमिटिकही नाही आणि इंडो-युरोपियनही नाही. तिची एकच जवळची नातलग भाषा आपल्याला माहीत आहे, ती उरार्तू राज्याची उरार्ती. शाउश्काचे मुख्य ठाणे निनवे, म्हणजे आजच्या मोसुल शहराजवळचे कुयुंजिक. सुमेरमधील उर शहराच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील, म्हणजे इ.स.पू. एकविसाव्या शतकाच्या आसपासच्या हिशोबी पाट्यांत 'निनवेची शाउशा' असा तिचा उल्लेख येतो. म्हणजे अश्शूरच्या सम्राटांनी निनवेला राजधानी करण्याआधी तेराशेहून जास्त वर्षे ती तिथे होती. वादळदेव तेशुब हा तिचा भाऊ. पूर्वेकडच्या हुर्री प्रदेशात ती देवीमंडळात सर्वोच्च, तर पश्चिमेकडे तो मान तेशुबाची पत्नी हेबात हिला. शाउश्काला नवरा नाही. तिच्या कथांत तिचे सर्वात घट्ट नाते भावाशीच दिसते.

मजकूर किती आणि कशा अवस्थेत

विषय निवडताना बहुतेक जण देवीच्या स्वभावाकडे पाहतात आणि शिल्लक पाट्यांकडे पाहत नाहीत. खरा निर्णय इथेच व्हायला हवा.

इनान्नासाठी सामग्री मुबलक आहे. अक्कदचा राजा सार्गोन याची कन्या एन्हेदुआन्ना हिच्या नावावर असलेले स्तोत्र सुमारे दीडशे ओळींचे आहे, पाताळात उतरण्याची सुमेरी कथा सुमारे 400 ओळींची, आणि तिचीच अक्कदी आवृत्ती त्याच्या निम्म्याहूनही लहान. या दोन आवृत्त्यांची तुलना हाच एक स्वतंत्र प्रबंधिकेचा विषय होऊ शकतो. शिवाय गिल्गमेश महाकाव्याच्या सहाव्या पाटीत तिचा अपमान आणि स्वर्गातील बैल येतो. सुमेरी साहित्याचा ऑक्सफर्डचा संग्रह लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर मोफत आहे. इथला धोका उलट्या बाजूचा आहे. मजकूर इतका की विषयाला कुंपण घातले नाही तर काम कधीच संपत नाही.

अनतसाठी बालचक्राच्या, म्हणजे बालच्या कथामालेच्या, सहा पाट्या आणि अकहातच्या कथेच्या तीन. त्यांत तुटलेले भाग आहेत, पण कथेचा धागा हाती लागतो. उगारिती वर्णमाला 30 चिन्हांची. हिब्रू किंवा अरबी येत असेल तर ही भाषा इतर दोघींच्या भाषांपेक्षा लवकर पकडात येते. मूळ मजकूर स्वतः वाचण्याची हौस असेल तर अनत हीच सर्वात व्यवहार्य निवड.

शाउश्कावर एकही संपूर्ण काव्य उरलेले नाही. ती भेटते ती तुकड्यांत, आणि तेही दुसऱ्यांच्या भाषेत. सर्वात जास्त मजकूर अनातोलियातील हित्ती राज्याची राजधानी हत्तुशा हिच्या पाट्यांवर हित्ती भाषेत आहे. काही पत्रे अक्कदीत आहेत, विधी हुर्री-हित्ती मिश्रणात. हुर्री भाषेतील सर्वात मोठा सलग मजकूर म्हणजे मितन्नी या हुर्री राज्याचा राजा तुश्रत्त याने इजिप्तला पाठवलेले जवळजवळ पाचशे ओळींचे पत्र, आणि तेही मुत्सद्देगिरीचे. त्यामुळे शाउश्काचा अभ्यास म्हणजे पाच-सहा वेगवेगळ्या जातीचे मजकूर शेजारी ठेवून त्यांतून एक चेहरा उभा करणे. ज्यांना हे जुळवाजुळवीचे काम आवडते त्यांनीच इकडे वळावे.

भाषेचा हिशोबही आधी करून घ्या. अनातोलियातील तिच्या पूजेवरचे सर्वात सविस्तर काम इल्झे वेगनर यांचे, 1981 चे, आणि ते जर्मनमध्ये आहे. निनवेच्या इश्तरवर गॅरी बेकमन यांचा 1998 चा इंग्रजी लेख सुरुवातीला पुरतो. हित्ती पुराणकथांची हॅरी हॉफनर यांची इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. पुढे जायचे तर कामचलाऊ जर्मन लागणारच. इश्तर आणि अनत या दोघींचे काम पहिल्या टप्प्यात फक्त इंग्रजीवर निभते.

लिपीतला सापळा

हित्ती लेखनिक देवांची नावे बरेचदा उच्चाराप्रमाणे लिहीत नसत. मेसोपोटेमियातून आलेले एक ठरावीक चिन्ह टाकत आणि वाचताना स्थानिक नाव उच्चारत. शाउश्कासाठी त्यांनी इश्तरचे चिन्ह वापरले. आजच्या लिप्यंतरांत असे चिन्ह रोमन मोठ्या अक्षरांत छापतात. भाषांतरकार मात्र कधी त्याचे 'इश्तर' करतो, कधी 'शाउश्का', आणि वाचकाला मूळ पाटीवर काय होते ते कळत नाही. त्यातून दोन उलट चुका होतात. एक, हित्ती मजकुरात 'इश्तर' दिसले की बाबिलोनची इश्तर समजून तिकडची पुराणे जोडली जातात. दुसरी, ते चिन्ह दिसेल तिथे शाउश्काच मानली जाते. प्रत्यक्षात तेच चिन्ह अंझिली नावाच्या अनातोलियन देवीसाठीही वापरले जाई. चिन्हामागे 'ली' हे अक्षर जोडलेले असेल तर अंझिलीचा विचार आधी करावा लागतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला बगल देता येत नाही. प्रत्येक उताऱ्यासाठी तक्ता करा. पहिल्या रकान्यात लारोश यांच्या हित्ती मजकूर-सूचीतील क्रमांक, दुसऱ्यात भाषा, तिसऱ्यात नाव चिन्हाने लिहिले आहे की अक्षरांनी, चौथ्यात देवीचे गाव, पाचव्यात ती त्या उताऱ्यात करते काय. सूचीचे क्रमांक, पाट्यांची छायाचित्रे आणि संदर्भ माइन्झच्या हित्तीविद्या पोर्टलवर मोफत पाहता येतात. तक्त्यातल्या वीस-पंचवीस नोंदी झाल्या की कोणते उतारे भरवशाचे आहेत आणि कोणते बाजूला ठेवायचे ते दिसू लागते.

गावाचा रकाना कधीही गाळू नका. निनवेची, समुहाची, लावाझंतियाची, हत्तारिनाची अशा शाउश्का वेगवेगळ्या नैवेद्याच्या हक्कदार असतात. तुळजापूरची आणि कोल्हापूरची देवी एकच की वेगळी, हे विचारल्यावर आपल्याकडे जशी दोन्ही उत्तरे खरी ठरतात, तसेच इथे आहे. त्याशिवाय 'रणक्षेत्राची' असे विशेषण लावलेले तिचे एक रूप आहे, आणि युद्धाच्या संदर्भात बहुतेकदा तेच येते.

प्रेम आणि युद्ध यांचा सांधा

तिघींना 'प्रेम आणि युद्धाची देवी' म्हणतात, पण हे 'आणि' प्रत्येकीत वेगळे काम करते.

इश्तरमध्ये दोन्ही गुण पूर्ण ताकदीने शेजारी-शेजारी नांदतात. एका स्तोत्रात ती प्रेयसी आहे, दुसऱ्यात रणचंडी, आणि काही स्तोत्रांत हा विरोध हाच तिचा महिमा म्हणून गायला जातो. अनतमध्ये युद्धाचे पारडे फार जड आहे. बालचक्राच्या एका प्रसिद्ध उताऱ्यात ती गुडघाभर रक्तातून चालते, कापलेली मस्तके पाठीला बांधते. पुढे मृत्युदेव मोत याला ती तलवारीने चिरते, पाखडते, जाळते, दळते आणि शेतात पेरते. प्रेमदेवी म्हणून तिचे वर्णन जुन्या पुस्तकांत ठासून केलेले आढळते, पण बालशी तिचे शरीरसंबंध असल्याचा दावा ज्या ओळींवर उभा आहे त्या तुटक आहेत आणि त्यांच्या वाचनावर तीव्र मतभेद आहेत. प्रेम हा तुमच्या विषयाचा गाभा असेल तर अनत घेऊ नका. पायाच डळमळीत मिळेल.

शाउश्कामध्ये मोहिनी हेच शस्त्र आहे. कुमार्बीच्या कथाचक्रातील दोन गाणी यासाठी एकत्र वाचावीत, लारोश-सूचीत क्रमांक 348 आणि 345.

पहिल्यात कुमार्बी हा देव समुद्रकन्येपासून हेदाम्मू नावाचा अधाशी सागरी सर्प जन्माला घालतो. शाउश्काला तो दिसतो, ती भावाला बातमी देते, आणि तेशुब रडू लागतो. देवसभेत शहाणपणाचा देव एआ दोन्ही बाजूंना बजावतो की माणसे नष्ट झाली तर नैवेद्य कोण देणार? तेशुबाला स्वतः नांगर धरावा लागेल, शाउश्का आणि हेबात यांना स्वतः जात्यावर बसावे लागेल. देवांच्या भांडणाचा खर्च इतक्या रोखठोक शब्दांत मांडणारी ओळ या काळच्या साहित्यात विरळाच. मग शाउश्का न्हाते, सुगंधी तेल लावते, निनात्ता आणि कुलित्ता या आपल्या दोन सेविकांना वाद्ये घ्यायला सांगते आणि किनाऱ्यावर जाते. सर्प पाण्यातून डोके वर काढतो. ती त्याला आपले उघडे शरीर दाखवते, पेय पाजते, गुंगवते. शेवट तुटला आहे, पण डाव साधला जातो हे स्पष्ट आहे.

दुसऱ्यात कुमार्बीने दगडाचा राक्षस उल्लिकुम्मी निर्माण केला आहे. शाउश्का पुन्हा नटून समुद्रकिनारी जाते, वाद्ये वाजवते, गाते. तेव्हा समुद्रातून एक मोठी लाट उठून तिला विचारते, कुणासाठी गातेस? हा बहिरा आहे, ऐकत नाही. आंधळा आहे, पाहत नाही. त्याला दया नाही. जा, भावाला गाठ, तो अजून बळकट होण्याआधी. ती वाद्ये फेकून देते.

दोन गाण्यांचा क्रम सर्वसाधारणपणे असाच धरला जातो: हेदाम्मू आधी, उल्लिकुम्मी नंतर. म्हणजे कवीने एकच डाव एकदा यशस्वी आणि एकदा निष्फळ दाखवला आहे. तिच्या शक्तीला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ज्याला इंद्रिये आहेत त्याच्यापुरती आहे. इतका स्पष्ट विचार इश्तरच्या किंवा अनतच्या कथांत इतक्या थोड्या ओळींत मिळणार नाही. शाउश्का निवडण्याचे आमच्या मते सर्वात भक्कम कारण हेच.

याच धाग्यातला तिसरा मजकूर पुराणकथा नसून विधी आहे, सूची क्रमांक 716. निनवेच्या देवीला एकेका देशाचे नाव घेत बोलावले जाते: तिथे असशील तर तिथून ये. मग तिला विनंती असते की शत्रुदेशातल्या पुरुषांचे पौरुष, धैर्य, धनुष्यबाण आणि खंजीर काढून घे, ते हित्तींच्या देशात आण, आणि त्यांच्या हाती बायकांची चाती दे. युद्ध जिंकणे म्हणजे इथे शत्रूचे पुरुषपण हिरावणे. इश्तरबद्दलही स्त्रीला पुरुष आणि पुरुषाला स्त्री करण्याची शक्ती सांगितली जाते, पण तिथे ती स्तुतीतली ओळ आहे. इथे तिच्यासाठी पूर्ण विधी आहे, त्यात सामग्री आहे, पुरोहित आहे, मागणी आहे. अशा आवाहनविधींत कापड, सुगंधी तेल, मध यांनी देवतेसाठी वाटा आखल्या जातात, म्हणजे ती वाट धरून यजमानाकडे यावी. विधीतल्या कृतींचा क्रम लिहून काढणे हा तुमच्या कामाचा एक चांगला भाग होऊ शकतो.

राजा आणि त्याची देवी

राजसत्तेच्या प्रश्नावर तिघींकडे पुरावा आहे, पण वेगवेगळ्या पोताचा. अश्शूरमध्ये अर्बेलाची इश्तर इ.स.पू. सातव्या शतकात राजा एसरहद्दोनला भविष्यवाणीतून धीर देते. त्या छोट्या वाण्या आहेत, थेट आणि तापलेल्या. अनत इजिप्तपर्यंत पोहोचली. दुसऱ्या रामेसेसच्या एका मुलीचे नावच बिंत-अनत, म्हणजे अनतची कन्या. मात्र तिने राजाचे आयुष्य कसे घडवले हे सांगणारे सविस्तर निवेदन नाही.

शाउश्काकडे ते आहे. तिसरा हत्तुशिली हा हित्ती राजा, दुसऱ्या मुर्शिलीचे सर्वात धाकटे अपत्य, लहानपणी आजारी. त्याच्या निवेदनात, सूची क्रमांक 81 मध्ये, समुहाची शाउश्का त्याचा भाऊ मुवात्तल्ली याला स्वप्नात पाठवते आणि वडिलांना निरोप देते की या मुलाची वर्षे थोडी आहेत, याला माझ्या सेवेला दे, म्हणजे तो जगेल. पुढे देवी त्याला खटल्यातून सोडवते, लढायांत पुढे चालते, आणि लावाझंतियातील तिच्याच पुजाऱ्याची मुलगी पुदुहेपा त्याची पत्नी होते. शेवटी तो पुतण्या उर्ही-तेशुब याला गादीवरून खाली खेचतो. त्याचे म्हणणे असे की देवीने पुतण्याला समुहा गावात खुराड्यातल्या डुकरासारखे कोंडले. नंतर विरोधकाची मालमत्ता देवीला अर्पण होते आणि स्वतःचा मुलगा तिच्या सेवेला नेमला जातो.

हा मजकूर वाचताना घसरण्याची जागा ठरलेली आहे. त्याला भक्ताचे भाबडे आत्मकथन समजू नये, आणि निव्वळ थापही समजू नये. गादी बळकावलेल्या राजाने लिहिलेले ते समर्थन आहे. त्यात देवीचा हात दिसतो तो नेमका अशाच वळणांवर, जिथे कायद्याने त्याची बाजू लंगडी पडते. उतारे करताना प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लिहून ठेवा: देवी आली नसती तर हत्तुशिलीला इथे कोणते उत्तर द्यावे लागले असते? पण याचा अर्थ त्याची भक्ती खोटी होती असा नाही. देणग्या आणि पौरोहित्याची व्यवस्था ही त्याच मजकुरातली ठोस, पुढे पाळायची बंधने आहेत.

इजिप्तला गेलेली मूर्ती

इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या राजांच्या पत्रव्यवहारातील क्रमांक 23 हे लहानसे पत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तुश्रत्त आपला जावई, फेअरो तिसरा आमेनहोतेप याला कळवतो की निनवेची शाउश्का, सर्व देशांची स्वामिनी, म्हणाली की मला आवडणाऱ्या देशात, इजिप्तला, जायचे आहे आणि मग परत यायचे आहे. म्हणून तिला पाठवत आहे. पूर्वी, वडिलांच्या काळीही ती गेली होती. आता भावाने (राजे एकमेकांना 'भाऊ' म्हणत) तिचा मान दहापट वाढवावा आणि तिला आनंदाने परत पाठवावे. शेवटी तो विचारतो की ती काय फक्त माझीच देवता आहे, माझ्या भावाची नाही? पाटीवर इजिप्तच्या लेखनिकाने शाईने नोंद केली आहे, राज्यवर्ष 36.

म्हाताऱ्या, आजारी फेअरोला बरे करायला मूर्ती पाठवली, हे विधान इतक्या ठिकाणी छापले गेले आहे की ते पत्रातच आहे असे वाटते. पत्रात आजाराचा शब्दही नाही. शाउश्काचा रोगनिवारणाशी संबंध इतर मजकुरांतून खरा आहे, आणि राजा वयस्कर होता हेही खरे. त्या दोन गोष्टी जोडून अनुमान बांधले गेले. पत्रात तादुहेपा या तुश्रत्तच्या मुलीचा, म्हणजे आमेनहोतेपच्या राणीचा, उल्लेख आहे, त्यामुळे देवीची भेट विवाहसंबंधाशी निगडित होती असाही अर्थ लावला जातो. तुमच्या लेखात दोन्ही अनुमाने अनुमाने म्हणूनच लिहा. इश्तर आणि अनत यांनीही सीमा ओलांडल्या, पण देवीच्या प्रवासाचे असे शाबूत आणि तारखेची नोंद असलेले पत्र हाताशी असणे ही शाउश्काची मोठी जमेची बाजू.

चित्र ओळखताना

चित्रांवर विषय उभारायचा असेल तर अनत टाळा. नाव कोरलेल्या प्रतिमा प्रामुख्याने इजिप्तच्या शिलांवर मिळतात, ढाल-भाला-कुऱ्हाडीसह. उगारितमधील बऱ्याच स्त्रीमूर्ती केवळ अंदाजाने तिच्या नावावर चढवल्या जातात. इश्तरच्या मुद्रांवर खांद्यांतून निघणारी शस्त्रे, सिंहावर पाय आणि चांदणी या खुणा एकत्र आल्या की ओळख पक्की. ब्रिटिश म्युझियममधील 'रात्रीची राणी' म्हणून प्रसिद्ध असलेले, पंख आणि घुबडे असलेले शिल्प मात्र इश्तरचे की तिची बहीण एरेश्किगालचे, हा वाद मिटलेला नाही. ते मुखपृष्ठावर छापून खाली 'इश्तर' लिहू नका.

शाउश्कासाठी जायचे ते याझिलिकाया येथे, तुर्कस्तानातील बोगाझकालेजवळ, हत्तुशाच्या तटबंदीबाहेर. कातळातील मोठ्या दालनात देवांची रांग एका बाजूने आणि देवींची दुसऱ्या बाजूने येते, मध्ये तेशुब आणि हेबात समोरासमोर. शाउश्का देवांच्या, म्हणजे पुरुषांच्या रांगेत आहे, एआच्या लगेच मागे. आकृती क्रमांक 38, आणि तिच्या मागे निनात्ता व कुलित्ता. पंख, टोकदार टोपी आणि पुढून उघडे, एक पाय दाखवणारे लांब वस्त्र या खुणा. देवींच्या रांगेतही तिची एक प्रतिमा होती असे मानले जाते. शिळा झिजल्या आहेत. भर उन्हात समोरून काढलेल्या छायाचित्रात पंख दिसत नाहीत, तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे शोधा आणि जुनी रेखाटने शेजारी ठेवा.

हित्ती देवळांतील मूर्तींच्या नोंदी याला जोडून वाचाव्यात. एका नोंदीत ती बसलेली आहे, खांद्यांतून पंख, उजव्या हातात सोन्याचा पेला, आसनाखाली पंख असलेला पशू आणि दोन्ही बाजूंना दोघी सेविका. दुसऱ्या रूपात ती पुरुष म्हणून उभी आहे, हाती कुऱ्हाड. यावरून 'शाउश्का अर्धी पुरुष, अर्धी स्त्री होती' असे एका वाक्यात सांगण्याचा मोह होतो. नोंदी सांगतात ते एवढेच की तिची दोन वेगळी रूपे होती आणि दोन्हींना नैवेद्य होता. आधुनिक लिंगविषयक संज्ञा वापरायच्या असतील तर आधी हा फरक वाचकाला दाखवा.

भारतीय वाचकाने जपायची जागा

मितन्नी म्हटले की आपल्याकडे लगेच हित्ती राजा शुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाझ यांच्यातला करार आठवतो, कारण त्यातील साक्षीदार देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. इ.स.पू. चौदाव्या शतकातील हा पुरावा खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. पण ती नावे तेशुब आणि इतर हुर्री व मेसोपोटेमियन देवांच्या लांबलचक यादीत येतात. त्यावरून शाउश्काला वैदिक देवता किंवा सिंहवाहिनी दुर्गेचे मूळ ठरवणारे लेखन वाचनात येते. त्याला आधार नाही. सिंह हा पश्चिम आशियातील अनेक देवतांचे वाहन आहे, आणि शाउश्काचा उल्लेख मितन्नीच्या राज्याहून कित्येक शतके जुना आहे. दुर्गेशी तुलना करायचीच तर ती रचनेची करा, उगमाची नको: देवांना न पेलणारा शत्रू, पुढे पाठवलेली देवी, आणि तिच्या विजयाचे साधन काय?

निवड झाली असेल तर

इश्तर घेणाऱ्यांनी शहर आणि शतक शीर्षकातच बांधून घ्यावे. 'अर्बेलाची इश्तर आणि एसरहद्दोन' हा विषय पेलतो, 'मेसोपोटेमियातील इश्तर' पेलत नाही. अनत घेणाऱ्यांनी बालचक्राची तिसरी आणि सहावी पाटी व अकहातची कथा एवढ्यावर थांबावे, आणि किमान दोन भाषांतरे ओळीला ओळ लावून वाचावीत, कारण तुटलेल्या जागा प्रत्येक भाषांतरकार वेगळ्या भरतो.

शाउश्का घेणाऱ्यांसाठी वाचनाचा क्रम असा. आधी अमार्ना पत्र 23, एका बैठकीत होते. मग हेदाम्मू आणि उल्लिकुम्मी लागोपाठ. त्यानंतर हत्तुशिलीचे निवेदन, आणि सर्वात शेवटी 716 क्रमांकाचा विधी, कारण तो आधी वाचला तर त्यातली विशेषणे कथांवर लादली जातात. याझिलिकायाची चित्रे अगदी पहिल्या दिवसापासून समोर असू द्या. तक्ता दुसऱ्या मजकुरापासूनच सुरू करा, मागाहून भरायला घेतला तर गावांची नावे निसटतात. आणि शीर्षकात 'हुर्री इश्तर' हा शब्दप्रयोग करू नका. मार्गदर्शकाने आग्रह धरला तर 'समुहाची शाउश्का' किंवा 'निनवेची शाउश्का' यांपैकी एक निवडा. पहिल्या नावाला हत्तुशिलीचा काळ पुरतो. दुसऱ्यासाठी उरच्या हिशोबी पाट्यांपासून अमार्नापर्यंतची सहा-सात शतके झेपणार असतील तरच हात घाला.